अंगठा मोकळा होता

बुधवार, ता. ११

चिरंजीव ठकूस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तिशी ओलांडलीस तरी मी ठकूच म्हणणार, समजून घे. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायला हात शिवशिवतोय, पण तब्येतीचं आज शेवटाला राखून ठेवतो. कुरिअरवाला म्हणाला, शनिवारपर्यंत नक्की पोचतं. म्हणजे सोमवारी तू साहेबांसमोर राजीनामा ठेवायच्या आधी.

तू नोकरीला लागलीस तेव्हा मी विचारलं होतं, नेमकं करतेस काय? म्हणालीस, "काय बनवायचं ते मी ठरवते. बनवतात दुसरे, विकतात तिसरे." म्हटलं, म्हणजे मुकादम. तर हसून म्हणालीस, "मुकादमाचं कुणीतरी ऐकतं, मामा." मला तो विनोद वाटला होता.

गेल्या आठवड्यात दोन दिवस आलीस आणि दोन्ही दिवस माझ्या पुढच्या खोलीत कानाला यंत्र लावून बोलत बसलीस. मी शेजारी एका शिलाई मशीनचा पट्टा बदलत होतो, पण कान तुझ्याकडेच. बनवणाऱ्यांशी बोलताना गयावया, साहेबांशी बोलताना ठाम, आणि विकणारे चढ्या आवाजात बोलायला लागले की नुसतं "हो, हो, जबाबदारी माझी." एका तोंडातून तीन बायका बोलत होत्या. मी मशीनं मोडून मोडूनच दुरुस्ती शिकलेला माणूस. मशीन बिघडलं तर उघडून बघतो, दोष सापडला की स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात असतो. तुझ्या हातात तो कुणी दिलेलाच नाही, आणि मशीन मात्र तुझ्या नावावर. असलं काम मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही.

तुझं ताट दोनदा गरम केलं. दुसऱ्यांदा बसलीस आणि ताटाकडे बघत म्हणालीस, "मामा, मला माणसंच कळत नाहीत. आकडे समोर होते तरी फसले. सोळा तारखेला, सोमवारी, सांगून मोकळी होते." त्यावर मी काय केलं? भाजी वाढली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आता लिहितो.

तुमचं ते औषधांची आठवण करून देणारं ॲप. त्यात तू आम्हा म्हाताऱ्यांसाठी बटण आणलंस, 'मी बरा आहे'. रोज सकाळी दाबायचं. अकरापर्यंत दाबलं नाही तर घरच्यांना निरोप जातो, माझा तुला. आधी चाळीस माणसांवर तीन महिने करून बघायचं होतं, त्यातली बावीस मीच आमच्या वाचनालयातून गोळा करून दिली. आणि तू फोनवर सहज बोलून गेलीस, "लोकांनी दाबलं नाही तर बटण जाईल, मामा, आणि त्याच्यामागे मीही."

ठकू, ते तू बोलायला नको होतंस. किंवा मी ऐकायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला मी उभा राहायचो. "चला, पोरीचं बटण." बावीस अंगठे एकदम. निवृत्त मास्तरीणबाई आहेत, त्या हजेरी घ्यायच्या. एक जुने ड्रायव्हर आहेत, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून त्यांचं मीच दाबायचो. एकदा ते फणफणत्या तापात शाल गुंडाळून आले, 'बरा आहे' दाबून घेतलं आणि परत जाऊन झोपले. तुझ्यासाठी हो, दुसरं काय.

तू आनंदाने सांगितलंस, "मामा, सगळे बरोबर दहाला दाबतात, म्हणजे सवय लागली." मी म्हटलं, "असेल बाई."

मग तुम्ही ते बटण लाखभर लोकांना दिलं. त्यांच्यापुढे दहाला उभं राहणारा मामा नव्हता. कुणी दाबेना, घरच्यांना रोज निरोप, तुम्हाला रोज शिव्या. या महिनाअखेर बटण काढायचं ठरलं. त्यावर वर्षभर खपलेली दोन माणसं दुसरीकडे पाठवली, आणि सगळ्यांची बोटं तुझ्याकडे.

हे सांगून तुझं भलं होतंय की 'सख्ख्या मामानेच आकडे बिघडवले' अशी नवी फजिती होतेय, मला कळत नाही. साहेबांना सांगायचं का, तूच बघ. नोकरी ठेव म्हणू की सोड म्हणू, तेही कळत नाही. सोडायची तर या कामाचा जाच होतो म्हणून सोड. माणसं कळत नाहीत म्हणून नको सोडूस. ती तुला कळू नयेत अशी व्यवस्था मी केली होती.

गुरुवार

काल पाकीट बंद करायला घेतलं आणि जमेना. एक गोष्ट राहिली.

चाचणीच्या दुसऱ्या महिन्यात मी जिन्यावरून पडलो. खुब्याच्या हाडाला चीर. अकरा दिवस हॉस्पिटलात होतो, आणि तुला कळवायचं नाही म्हणून सगळ्यांना शपथ घातली होती. तू आलीस तेव्हा लंगडताना बघून विचारलंस, तर "गुडघा आखडलाय" म्हणालो, ते खोटं. त्या अकरा दिवसांत तुझा एकच निरोप आला, "मामा, एकही दिवस चुकवला नाहीस, शाब्बास." पाय बांधलेला होता, पण अंगठा मोकळा होता.

खरं सांगू? तिथे दहाला कुणी हजेरी घेत नव्हतं. रोज पावणेअकरापर्यंत फोन छातीवर ठेवून पडायचो. वाटायचं, नाही दाबलं तर ठकू येईल. मग दाबायचो.

आज वाचनालयात दहाला उभा राहिलो नाही. म्हटलं, ज्याने त्याने आपलं खरं काय ते बघा. चौघांनी दाबलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "कालपासून कंबर ठणकतेय, बरी कशाला म्हणू?" अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या मुलाचा फोन. बाई कोपऱ्यात पाऊण तास बोलत होत्या. डोळे पुसत परत आल्या आणि माझ्यावरच खेकसल्या, "इतके महिने तुम्ही मला बरं ठेवलंत." उलट ड्रायव्हरांच्या सुनेने त्यांना झापलं, "उगाच घाबरवता का?" आता तुझं बटण चांगलं की वाईट, मला विचारू नकोस. माझं डोकं बधिर झालंय.

मीही दाबलं नाही. अकरा वाजून दोन मिनिटांनी फोनवर तुझं नाव दिसलं. इतक्या पटकन येशील असं वाटलं नव्हतं. उचलला, "पत्र येतंय, ते वाचल्याशिवाय साहेबांकडे जाऊ नकोस" एवढंच म्हणालो, आणि तू 'कसा आहेस' विचारायच्या आत ठेवून दिला. विचारलं असतंस तर जीभ सवयीने घसरली असती. त्याचं उत्तर खाली सहीत लिहितोय.

तुझा,
बरा नसलेला
मामा