बाबांनी दिलेले एकशे एक रुपये

गावकरी मंडळाची खोली, लालबाग
२ मार्च १९५९

ती. कांताताईस,
दौलतचा सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. १२ एप्रिलला वरळीला माझी पैशाची पहिली बॉक्सिंगची लढत ठरली आहे. आठ फेऱ्या, समोर कलकत्त्याचा डिसूझा. लालबाग-परळच्या भिंतींवर माझा फोटो लागलाय, खाली ‘महाराष्ट्राचा ठोसा’. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून परतणारे लोक थांबून वाचतात, आणि मी पलीकडच्या फुटपाथवरून त्यांना बघतो.

हे सगळं शामराव नावाचे शेठ करताहेत. खर्च कामकऱ्यांच्या वर्गणीतून व्हावा, अशी त्यांची इच्छा. म्हणून आपल्या गुणाजीकाकांनी मंडळाचं पावतीपुस्तक त्यांच्यासाठी उघडलं. उरलेल्या पैशातून तुझ्या शाळेवर कौलं चढतील. शिमग्यात मांडावर, सगळ्या गावासमोर वाचल्याशिवाय आपल्याकडे वर्गणी पुरी होत नाही, म्हणून शामराव नको म्हणत असतानाही काकांनी यादी सोबत धाडली आहे. तूच वाच, तुझा आवाज खणखणीत आहे.

धाकट्यावर माया ठेव.
दौलत

कुसवली
२७ मार्च १९५९

चि. दौलत यास अनेक उ. आ.

यादी वाचली. प्रत्येकाचे एकशे एक रुपये. बदली कामगारानेसुद्धा एवढे दिलेले पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली होती. सतराव्या नावाला मी थांबलेच. आपले बाबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. म्हातारी जाईबाई विचारते की, तिथून मनिऑर्डर किती दिवसांत येते. पुढे अकरा मेलेले निघाले.

लोक हसले. मला हसू आलं नाही, बाबांचं नाव कुणी वापरलं म्हणून फार राग आला. कौलं कुणाच्या पैशाची ते मला कळलं पाहिजे. काकांना तूच विचार. लढत हातची जाईल अशी भीती वाटत असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. रागावेन, पण तू लिही.

तुझी नेहमीची,
कांताताई

लालबाग
३ एप्रिल १९५९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. वर्गणी कुणीच दिली नाही. पैसा शामरावांचा, खाडीकाठच्या हातभट्ट्यांचा. पोलिसांनी विचारलं तर दाखवायला पावत्या हव्यात, म्हणून काका नावं लिहीत गेले. जिवंत माणसांची संपली तेव्हा जुन्या वहीतली उतरवली, आणि मांडाची रीत मोडायचा धीर झाला नाही म्हणून यादीही धाडली. भिंतीवर पुतण्याचं नाव बघायचं होतं, म्हणाले.

शामरावांनी मला बोलावून नेलं. गप्प राहिलास तर दर महिन्याला लढत, तोंड उघडलंस तर मुंबईत कुणी तुला उभा करणार नाही, असं गोडीत सांगितलं. मी सव्वीस वर्षांचा आहे, ताई. यापुढे मला कोण विचारणार? भीती वाटते, हे लिहायला तू सांगितलंस म्हणून लिहितो. पण रविवारी मंडळाची बैठक बोलावली आहे. ही यादी मी तिथे वाचणार.

आशीर्वाद असू दे.
दौलत

लालबाग
१४ एप्रिल १९५९

ती. ताईस सा. न. वि. वि.

यादी गिरणीतल्या हजेरीसारखी वाचली. एकेक जण उठून, मी दिले नाहीत, म्हणत बसला. बाबांच्या नावाला काका उठले. माझ्या भावाने दिले नाहीत, मी लिहिले, एवढंच म्हणाले आणि पावतीपुस्तक घेऊन स्वतःच्या पायांनी चौकीवर गेले. मीही बरोबर गेलो. जबाब घेऊन त्यांना सध्या घरी सोडलंय, पुढे काय होईल ते होईल. लढत रद्द झाली. शामराव गायब आहेत, पण त्यांचा निरोप सगळ्या आखाड्यांत पोचलाय. मला आता कुणी घेत नाही.

परवा १२ तारखेला मी परळच्या खानावळीत गेलो. डिसूझा तिथे परतीच्या भाड्याविना अडकला होता. त्याला म्हटलं, भाडं मंडळ काढून देईल, पण तू आलास कशाला आणि मी घाम गाळला कशाला? लढूनच जा. चाळीमागच्या मैदानात दोर बांधले. तिकीट नाही, शेठ नाही. काकांनी थाळी वाजवून फेऱ्या मोजल्या, सगळी चाळ गॅलरीत उभी होती. आठच्या आठ फेऱ्या झाल्या.

मी हरलो, ताई. चोख हरलो. गावात विचारतील तेव्हा तुझ्या खणखणीत आवाजात सांग.

तुझा,
दौलत