तांब्याचं पॅकिंग

वस्ताद, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की लोणारला तुमच्या गॅरेजच्या शेडच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि तरी हे लिहिताना मी दाराला कडी लावून बसलो आहे. सून येईल, काय लिहून राह्यले म्हणून विचारेल, अशी धास्ती वाटते. माझी शाळा चौथीपर्यंतची, हे तुम्हाला माहीत आहे. परवा नातवाच्या गाडीच्या इंजिनाचं हेड उघडलं, तेव्हा मी तिथं उभा होतो. मेकॅनिकनं पाकीट फाडून नवं गॅसकेट काढलं, बसवलं आणि नट आवळले. मी विचारलं, लाल नाही करत? तो हसला. म्हणाला, "बाबा, ते तुमच्या जमान्यात." तेव्हापासून मला घास जात नाही.

आपण त्याला पॅकिंगच म्हणायचो. ठेकेदाराच्या विलायती फटफटीचं तांब्याचं पॅकिंग नवं मिळत नसे. जुनंच भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि हेडखाली दबून बसतं, फट राहत नाही. मग तुम्ही ते फरशीवर टाकायचात. थप्प वाजलं तर चालेल. खण्ण वाजलं तर पुन्हा भट्टीत, आणि त्याआधी माझ्या पाठीवर फॅनबेल्टचा तुकडा. तो तुकडा पान्यांच्याच खिळ्यावर टांगलेला असायचा. मी सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस, तरी खाली मान घालून मार खायचो. बायको माहेरी गेली होती आणि हाताला काम असल्याशिवाय तिला परत पाठवणार नाहीत, असा मोताळ्याहून सासऱ्यांचा निरोप होता.

ते काम बघायला माझे सासरे आले, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. ते बाकावर बसले होते. गुडघ्यावर टोपी, पायाशी पिशवी. त्यांच्यासमोर चांगलं दिसावं म्हणून मी घाईनं एका इंजिनाच्या हेडचे नट ओळीनं आवळत गेलो. समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, हे मला येत होतं. तरी चुकलो. तुम्ही खिळ्याकडे गेलात. बेल्ट काढलात आणि माझ्या तोंडावर ओढलात. ओठ फुटला. दुसरा फटका कानावर बसला. मी खाली बसलो, तर तुम्ही लाथेनं उठवलंत आणि सासऱ्यांकडे वळून म्हणालात, "पाह्यलं का पाहुणे? चार नट आवळता येत नाही याले. तुमची पोरगी काय सांभाळीन हा?" सासरे उठले. आणलेला चहा तसाच राहिला. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पिशवीही परत घेऊन गेले. पिशवीत काय होतं ते मला अजून माहीत नाही. तिनं पाठवलेलं काही असेल.

तुम्ही जेवायला निघालात. "ठेकेदाराचं पॅकिंग लाल कर अन् हेड बसव," म्हणालात. भट्टी पेटलेली होती. मी पॅकिंग हातात धरून तिच्यासमोर उभा राहिलो. तोंडात रक्ताची चव होती. मग मी ते रॉकेलनं पुसलं, चकचकीत केलं, आणि तसंच घातलं. थंड. नट मात्र समोरासमोर आवळले, थोडे थोडे, अगदी तुम्ही शिकवलेत तसे. तुम्ही आलात, हेड बंद दिसलं. विचारलंत, "लाल केलं होतं?" मी म्हणालो, "हाव."

ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बुलढाण्याला टेंडर भरायचं होतं. गाडी सुलतानपूरच्या पुढं फुसफुसायला लागली आणि बंद पडली. त्यानं ती उन्हात ढकलली आणि वेळ गेली. संध्याकाळी तो दोन माणसं घेऊन जीपनं आला. हातात जॅकची टामी होती, लोखंडी, हातभर लांब. "कोणाच्या हातचं काम हाय?" त्यानं विचारलं. मी भट्टीपाशी होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "माह्या हातचं," म्हणालात.

त्या दोघांनी तुम्हाला धरलं. पहिली टामी खांद्यावर बसली. दुसरी बरगड्यांवर. मग त्यांनी तुमचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि ठेकेदारानं त्यावर तीनदा मारलं. शेवटच्या वेळी हाडाचा आवाज आला. तुम्ही ओरडला नाहीत, नाकातून श्वास जोरात सोडत राहिलात. ठेकेदार जाताना टामी पाण्याच्या पिंपात टाकून गेला. माझ्या हातात तेव्हा सांडशी होती, वस्ताद. लांब, जड सांडशी. ती मी खालीसुद्धा ठेवली नाही, नुसता धरून उभा राहिलो.

दोन दिवसांनी गाडी टेम्पोत घालून आली. तुमच्या गळ्यात झोळी, हात सुजून वांग्यासारखा. मला हेड उघडायला लावलंत. पॅकिंग कडेला जळून फाटलेलं होतं. ते डाव्या हातानं उचललंत, उजेडात धरलंत आणि फरशीवर टाकलंत. खण्ण. पण लाल केलेलं पॅकिंगही इंजिनात दबून दबून कडक होतंच, म्हणून त्या आवाजावरून तुम्हाला कळलं की नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही. तुम्ही तांबटाकडून पत्रा आणवलात, त्यातून माझ्याकडून नवं कापून घेतलंत आणि म्हणालात, "आता लाल कर. माह्यासमोर."

त्यानंतर तुमच्या मुठीत पाना कधी मावला नाही. तुम्ही बाकावर बसून सांगायचात, मी करायचो, तेरा वर्षं. काम टिकलं तशी बायको आली, पोरं झाली, ती तुमच्याच शेडवर वाढली. बेल्ट खिळ्यावर वाळून तडकला. तुम्ही मला पुन्हा मारलं नाहीत. हात उठत नव्हता म्हणून, की कळलं होतं म्हणून? डावा तर चांगला होता. मरणाच्या आधी तुम्ही मला पाणी मागितलंत, तेव्हा विचारायचं अगदी ओठावर आलं होतं, आणि मी पाणी गार आहे का तेवढंच विचारलं.

कडी वाजते आहे, सून आली वाटतं. हा कागद मी चुलीत घालणार, म्हणून लिहून टाकतो. पॅकिंग तापवलं नाही हे तुम्हाला कदाचित माहीत होतं. हे माहीत नसेल. टामी तुमच्या खांद्यावर बसली, तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्या फटक्याला नाही. पहिल्याला.