मंगळवारची वीस मिनिटं

सिस्टर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज मंगळवार आहे. लसीकरण आटोपलं आणि मी दवाखान्यामागच्या शेडमध्ये स्टुलावर बसून जनरेटर चालवते आहे. हा नवा आहे, पण तसाच. छोटा, चाकांचा, बटणावर चालू होणारा. तुम्ही इथे बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या. मी नोकरीला नवी, आणि पहिल्याच मंगळवारी शहाणपणा करत विचारलं होतं की लाईट आहे तर पेट्रोल कशाला जाळायचं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लाईट आहे म्हनूनच चालवून राह्यली. लाईट गेल्यावर बॅटरी उतरलेली निंघाली, तर लशी का पदरात घेऊन बसशीन? अन् नुसतं चालू करून बंद नाही करायचं. चालू होताना बॅटरीतून लय जाते, ते भरून याले वीस मिनिटं लागते." मला वाटलं, बाईंना शेंगा सोलायला निमित्त पाहिजे.

तुमचे गुडघे दुखायला लागले तेव्हा शेडची चावी माझ्याकडे आली. मी यवतमाळहून जाऊन-येऊन करायची. साडेचारची बस चुकली की पुढची सहाला. शेडचा पत्रा तापलेला, धूर नाकात जायचा. मी जनरेटर चालू करायची, त्याचा आवाज तुमच्या खोलीपर्यंत गेला असेल असं वाटलं की बंद करायची. दोन मिनिटं, फार तर तीन. असं पाच-सहा महिने चाललं.

मग मार्चमध्ये गारपीट झाली, कळंबच्या रस्त्यावरचे विजेचे खांब आडवे झाले. तुम्ही भाचीच्या लग्नासाठी रजेवर. शनिवारी सकाळी मी बटण दाबते तर नुसतं टक. पुन्हा दाबलं तर तेही नाही. ओढायची दोरी कधीचीच तुटलेली. त्याच क्षणी डॉक्टरांना सांगितलं असतं, तर बर्फाच्या डब्यात घालून लशी कळंबच्या मोठ्या दवाखान्यातल्या चालू फ्रीजमध्ये पोचल्या असत्या. मी गप्प बसले. जनरेटर आहे म्हणून कोणाला काळजी नव्हती, आणि संध्याकाळपर्यंत लाईट येईलच, असं स्वतःला सांगून मी साडेचारची बस पकडली. सोमवारी तुम्ही फ्रीज उघडलात. गरमी लागली की बाटलीवरचा पांढरा चौकोन काळा पडतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. एकेक बाटली उजेडात धरून तुम्ही बाजूला ठेवत होतात. मग विचारलंत, "मंगळवारी चालवत होती ना व?"

"हो सिस्टर, दर मंगळवारी."

वाक्य खरं होतं, म्हणूनच तर इतकं पटकन तोंडातून निघालं. किती मिनिटं, ते तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, "पोरीनं बरोबर चालवला. बॅटरीच जुनी होती, मीच नवी मागाले पाह्यजे होती." लशींची जबाबदारी तुमची, त्यामुळे कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने आली. निवृत्तीला दीड महिना उरला होता. त्या मंगळवारी लेकरं घेऊन आलेल्या बायांना तुम्ही हात जोडून परत पाठवत होतात. एक म्हणाली, "आता फिरून कधी येऊ बाई? हरभऱ्याचं काम सुरू हाये." मी तुमच्या मागे उभी राहून कापसाच्या घड्या करत होते, जणू ते फार महत्त्वाचं काम होतं.

तुम्ही नोटिशीचं उत्तर द्यायला यवतमाळला गेलात, त्याच दिवशी मिस्त्री आला. बॅटरी नेली, दुसऱ्या दिवशी चार्ज करून परत आणली, आणि एका दमात जनरेटर सुरू केला. "बॅटरी एकदम चांगली आहे मॅडम. चार्जच नोती होत. कोनी चालू-बंद, चालू-बंद करून राह्यलं होतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मिस्त्रीला डॉक्टरांसमोर उभं केलं असतं तरी पुरे होतं.

निरोपाला शाल-नारळ झालं. डॉक्टर चार वाक्यं बोलून उठले, छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल चार वाक्यं. तुम्ही मात्र सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणालात, "चावी हिच्यापाशी देऊन चालली, मले काही घोर नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, सिस्टर.

नंतर दोनदा तुमच्या घरी आले, दोन्ही वेळा सांगायचंच असं ठरवून. तुम्ही पोहे केलेत, माझ्या लेकीची चौकशी केलीत, आणि मी पोहे खाऊन परतले. इतकी भित्री मी आयुष्यात दुसऱ्या कोणापुढे झाले नाही. आता मी इथली थोरली सिस्टर. नव्या मुलींना वीस मिनिटांबद्दल बोलते तेव्हा त्यांना वाटतं मी फार काटेकोर आहे. हे लिहिते आहे तो कागद कुठे पाठवायचा नाही, घडी करून पर्समध्ये राहील.

तुमच्या जाण्याने मी खूप रडले, असं सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. पण तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा रडण्याच्या आधी मला वाटलं होतं की चला, आता हे कोणाला कळायचं नाही. मला बरं वाटलं होतं.