सकाळची बॅच तुम्ही घ्या

अहो,

योगाची सकाळची बॅच आज तुम्हीच घ्या. स्टुडिओची किल्ली चपलांच्या कपाटावर आहे.

काल तुम्ही तिथल्या भिंतीवर वर्षाचं लक्ष्य लावलंत, शंभर सभासद. खाली महिन्याचा खर्च लिहिलात. भाडं, वीज, चटया, अगदी फिनेलसुद्धा. शिकवणारीचा पगार तेवढा दिसला नाही. विचारलं तर हसून म्हणालात, "घरच्या माणसाला कसला पगार?"

म्हणून आजपासून मी कोपऱ्यावरच्या जिममध्ये शिकवणार आहे. तिथे मी परकी आहे, त्यामुळे पगार मिळतो.

तुमचा गुडघा सांभाळा, सूर्यनमस्कार तोंडीच सांगा. शवासन मात्र बिनधास्त करून दाखवा, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

जेवण झाकून ठेवलंय. घरच्या माणसानं केलंय, तेव्हा फुकटच आहे.