उभी राहिलेली घोडी

आप्पा,

सगळ्यात आधी एक तक्रार गुदरतो, आणि ती गंभीर आहे. प्रदर्शनात मला जो फेटा बांधला तो बांधलेला नव्हताच, शिवलेला होता. टोपीसारखा चढवायचा, मागे इलॅस्टिक. त्याच कापडाचा एक घोडीलाही चढवला. तिचा दिवसभर जागचा हलला नाही. माझा, पाहुण्यांना नमस्कार करायला वाकलो तेव्हाच उजव्या कानावर आला आणि तिथेच स्थिरावला. तुम्ही तांबडं पागोटं उभ्या उभ्या, आरशाशिवाय, तोंडात काडी धरून गुंडाळायचात, आणि त्यात काड्यापेटी, तंबाखूची चंची आणि गोधडी शिवायची सुई एवढा संसार मावायचा. संस्कृतात डोक्याला उत्तमांग म्हणतात, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलो. त्या दिवशी माझ्या उत्तमांगाची अवस्था बघून आमच्या शाळेचा शिपाई, जो माझ्याच ओळखीने तिथे आला होता, तोंडावर रुमाल धरून निघून गेला. तक्रार संपली.

तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा मधलं थोडं सांगायला हवं. आपल्या तट्टांना आता जात आहे. भीमथडी म्हणतात. तुम्ही नुसतं घोडी म्हणायचात, म्हणून तुमच्या हयातीत ती दुर्मिळ नव्हती. मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं बिऱ्हाड आता टेम्पोतून जातं, तट्टं कमी होत गेली, आणि कमी झाली तशी ती प्रदर्शनात मांडायची वस्तू झाली. तुमच्यामागे काकांनी मेंढरं विकली, घोड्या विकल्या. मी तुमच्या लाल घोडीच्या वंशातलं एक शिंगरू मागून घेतलं. सध्याची घोडी त्या शिंगराची लेक. मांजरसुंब्याला माझ्या घरामागे, पत्र्याखाली जन्मली. आता नऊ वर्षांची आहे. दर हिवाळ्यात मी तिला जत्रांत, शाळांत, पशुप्रदर्शनांत नेतो, शेजारी फलक लावतो आणि माइकवर सांगतो की मंडळी, हा आपल्या दख्खनचा घोडा, दगडधोंड्यांतून न थकता ओझं घेऊन चालणारा. नेतो टेम्पोतून. हसू नका.

यंदा कडा गावाच्या बाजूला गेलो होतो. जागा मिळाली पापड-लोणच्यांच्या दुकानाशेजारी. लोक येतात, बघतात, फोटो काढतात. एका बाईंनी विचारलं, ही एवढीच का राहिली, खायला कमी पडलं का? दोन तरुण आले. एकाने मला विचारलं, "सर, नाचती का ही वरातीत?" म्हटलं, नाही. "मग करती काय?" ओझं वाहते, म्हटलं. तर तो मित्राकडे वळून म्हणाला, "टेम्पो हाय की बे त्याला!" आणि दोघं लोणच्याकडे गेले. मी नऊ लक्षणं पाठ करून गेलो होतो, छातीची, खुरांची, मानेवरच्या भोवऱ्याची. एकही सांगायची वेळ आली नाही.

दुपारी लादणीची स्पर्धा होती. ती माझीच कल्पना. समितीला दोन पत्रं लिहून मी ती कार्यक्रमात घालून घेतली. घोडीवर जुन्या पद्धतीने सगळं बिऱ्हाड लादायचं, रिंगणात आणायचं आणि परीक्षकांनी ते बघायचं. मी आठवून आठवून लादलं. खाली वाकळ, दोन बाजूंना गोण्या, वर घोंगडी, हंडा, तवा, मागे कोंबड्यांचं डालगं. डालग्यात कोंबड्या शेजारच्या देशी कुक्कुटपालनवाल्यांकडून उसन्या. दोर आवळताना हात चुकला नाही, याचं मलाच नवल वाटलं. रिंगणात चार घोड्या होत्या. एक बसली. एकीने डालगं पाडलं आणि कोंबड्या पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली गेल्या. तिसरी दोर तोडून फाटकाकडे पळाली. आपली उभी होती. परीक्षक तिच्याभोवती फिरले, खूर उचलून बघितले, भाषणं झाली, फोटो झाले, आणि ती पाठीवर सगळा संसार घेऊन देवळातल्या नंदीसारखी उभी. पहिला नंबर. चषक माझ्या हातात दिला, फेटा कानावर होताच.

एका हातात चषक, दुसऱ्यात कुबडी, असा खाली आलो तर एक म्हातारा घोडीच्या पुढ्यात उभा होता. धोतर, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या वहाणा. त्या भागातून अजून पायी मेंढरं घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीला जाणारा तो एकटाच राहिला आहे, हे मला मागाहून कळलं. त्याने तुम्हाला पाहिलं होतं. म्हणाला, "तुमी त्या लाल घोडीवाल्याचं ल्योक न्हवं? गोणीवर बसून यायचा तेच?" म्हटलं, तोच. मग त्याने घोडीच्या पोटाखालचा दोर चाचपला, मान डोलावली. आणि विचारलं, "मास्तर, लादल्यावर ही उभी कावून राहिली?"

"शिकवलंय तिला," मी म्हणालो. तसं मी तिला काहीच शिकवलेलं नाही, पण हातात चषक होता.

"उभं ऱ्हायला?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पाठशाळेत भाषांतर चुकलं आणि कुठे ते गुरुजी सांगत नाहीत, तसं मला वाटलं. "घोडीला उभं ऱ्हायला शिकवलं. लई कष्ट घेतले की."

आप्पा, त्या क्षणी मला उमापूरच्या अलीकडची ती सकाळ आठवली. आपण एका शेतात मेंढरं बसवली होती आणि तळ हलत होता. मी आठ-नऊ वर्षांचा. डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला, म्हणून मी नेहमी गोण्यांच्या मधे, पुढ्यात एक कोकरू घेऊन. तुम्ही शेवटची गाठ मारता आणि लाल घोडी निघते. कोणी हाकत नाही, कोणी चुचकारत नाही. गाठ बसल्याचं तिला पोटाला कळतं आणि ती चालू लागते. तेवढ्यात आई ओरडते, तवा चुलीवरच राहिला! ती मागे पळते. मी घाबरून घोडीची आयाळ ओढतो, थांब म्हणतो. तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. "तिला थांबवायचं न्हाई. एकदा थांबली की रोज थांबल. तुला उतरायचं आसंल तर तू उतर." मी कसा उतरणार होतो? आई तापलेला तवा पदरात धरून अर्धा मैल मागून पळत आली, आणि तुम्हाला, घोडीला आणि तुमच्या सात पिढ्यांना काय काय म्हणाली, ते संस्कृतात भाषांतर करण्याजोगं नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी तुम्ही मला गुरुजींच्या पाठशाळेत ठेवलंत. तुम्ही गुरुजींना म्हणालात, "ह्याला बसून करायचं काय आसंल ते शिकवा." मी बसून करायचं सगळं शिकलो. मला राग नव्हता, हे खोटं. आता नाही, हे खरं.

तर लादल्यावर उभी राहणारी घोडी तुमच्या घरात झाली नसती. परीक्षकांनी ज्यासाठी पहिला नंबर दिला, त्यासाठी तुम्ही तिला बाजारात नेऊन सोडलं असतं.

म्हाताऱ्याने मग मागणी घातली. त्याच्या दोन घोड्यांपैकी एक थकली आहे. "ही द्या मला. आमी सोमवारी पहाटं निघतो. माझ्यापाशी घोडा बी हाय, आपल्याच वाणाचा, तोंड बघा एकदा त्याचं. पाडव्याला आणून सोडतो. चालती करून सोडतो आन् गाभण करून सोडतो. आजून काय पायजे?" खरंच, आणखी काय पाहिजे? मी फलकावर जे लिहितो, माइकवर जे सांगतो, ते सगळं हा माणूस फुकट करून देत होता. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात आणखी एक प्रदर्शन आहे. तो हसला नाही. "बरं, मास्तर," म्हणाला. "तळावर हाय मी परवापतोर. फोन लागतो माझा." आणि नंबर सांगितला. मी तो चषकाच्या खोक्यावर लिहून घेतला.

काल दिवसभर मी गुरुजींच्या पद्धतीने पूर्वपक्ष, म्हणजे घोडी न देण्याची कारणं, मांडत बसलो. तिचे खूर मऊ आहेत, खडी सोसणार नाही. हमरस्त्याला ट्रक फार. लांडगे आहेत. वय झालंय. समितीला शब्द दिलाय. एकेक मुद्दा मांडला आणि एकेक मीच खोडला. खूर आठवड्यात घट्ट होतात, हे तुम्हीच शिकवलंत. ट्रकांना ती टेम्पोतूनही बघते. लांडग्यांना कोकरू सोपं. नऊ वर्षं म्हणजे घोडीचं ऐन वय. आणि समितीला माझ्यावाचून काही अडत नाही. त्यांनी फेट्यांचं कंत्राट दिलं की झालं.

आज रविवार. तुमची सून जाऊन चार वर्षं झाली. नात पुण्याला आहे, ती फोन करते, चांगली करते. पण सकाळपासून माझा आवाज फक्त घोडीने ऐकला. खरारा करताना मी तिला उद्याचा धडा वाचून दाखवतो. ती कान हलवते, आणि आमच्या दहावीच्या वर्गापेक्षा त्यात जास्त लक्ष असतं. कडबा टाकला की निघून जात नाही, मी बाजेवर बसलो तर बाजेशेजारी येऊन उभी राहते. नऊ वर्षं. शिकवावं लागलं नाही. मी कुठे गेलोच नाही, म्हणून तीही गेली नाही.

म्हातारा उद्या पहाटे निघेल. मी अजून फोन केलेला नाही. हे पत्र लिहीत बसलो, ते कुठे टाकायचं हे ठाऊक नसताना, आणि घोडी पाठीमागे कडबा चावते आहे, ते ऐकतो आहे. तुम्ही असता तर एका शब्दात निकाल लावला असता. तो शब्द मला माहीत आहे, म्हणून तर विचारत नाही.

जातीची काळजी मी माइकवर करतो, आप्पा. रस्त्यात तिला काही होईल याची भीती मला नाही. पाडव्याला ती परत येईल, हेही मला पक्कं माहीत आहे. पण चालायला शिकून येईल. आणि मला चालता येत नाही.