कडेची जागा

२ मार्च
आले एकदाची! हिमायतनगरच्या मागच्या गल्लीत तीन मजली इमारत, दारात बोगनवेल. वर्षानुवर्षं फुटपाथवर राहिलेल्या, मनाच्या आजाराने घरादाराला पारख्या झालेल्या बायकांचं हे घर आजपासून मी चालवायचं.

आजवर सभांमधून घसा फोडून सांगत आले: आधी बरी हो, मग छप्पर देतो, हा न्याय उफराटा आहे. आधी छप्पर द्या. स्वतःचं दार द्या. जिला लावायला दार नाही, तिला नाही म्हणायचा हक्कही नाही! आता बोलणं पुरे, करून दाखवायचं. बेगम बाजारातून कुलपं आणली. जिची किल्ली तिच्या गळ्यात. यादम्माने आपली किल्ली दातांनी चावून पाहिली आणि म्हणाली, सोन्याची असती तर आत्ताच पळाले असते. स्वयंपाक बघणारी त्रिवेणी इतकी हसली की डाळ खाली लागली.

५ मार्च
पण खोल्या रिकाम्याच. दुपारी जेवणानंतर गोळ्या घेतल्या की बायकांना पेंग येते. मग सगळ्या खालच्या व्हरांड्यात जातात आणि फरशीवर भिंतीपासून एका ओळीत, पाठीला पाठ लावून झोपतात. कडेची एकजण मात्र बसून जागी राहते. ती पेंगुळली की दुसरी कडेला येते. रात्रीही तेच.

यांची म्होरकी मालनबाई. मूळची नांदेडकडची, अफझलगंजला बंद दुकानांच्या पायऱ्यांवर तिचं आयुष्य गेलं. या परमुलखात मी मराठी बोलते म्हणून खूश आहे, पण जिभेला हाड नाही. तिला विचारलं, ही ओळ कशासाठी? म्हणाली, शेजारणीसाठी, माय. कोण शेजारीण? तर जी एकट्या झोपलेलीच्या कुशीत येऊन निजते ती. तिला ऊब पाहिजे असते. ती निजून गेली की जी उठते ती आपली बाई नसते. मी समजावू लागले तर हात जोडून म्हणाली, तुहं भाषण लई ग्वाड हाय, पण भाषणानं कड राखता येत न्हाई.

भीती समजते मला. फुटपाथवर एकटी झोपणारीवर काय काय गुदरतं हे मी ऐकलेलं आहे. त्या भीतीलाच यांनी नाव दिलंय. नाव पुसायचं तर भीती संपवायला हवी.

९ मार्च
आज जेवणानंतर व्हरांड्याची जाळी लावून घेतली. थोडा आरडाओरडा झाला. मालनबाईने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि जिन्यातच बसून राहिली. बाकीच्या एकेक करून खोल्यांत गेल्या. यादम्मा सर्वांत आधी झोपली.

१० मार्च
यादम्मात केवढा फरक! आपणहून अंघोळ केली, वेणी घातली. मेलेल्या नवऱ्याशी दिवसभर भांडायची, ते थांबलं. तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले, इतकी सुधारणा क्वचित दिसते. एका दाराने हे केलं! ज्यांनी मला स्वप्नाळू म्हटलं त्यांना इथे आणून उभं करायला हवं.

१४ मार्च
सगळ्याच सुधारल्या, एक मालनबाई सोडून; ती अजून जिन्यात बसूनच डुलक्या काढते. बाकीच्या नीटनेटक्या, शांत. हाक मारली की येतात, बस म्हटलं की बसतात.

त्रिवेणी चिडून म्हणाली, ये अच्छे नै हुए अम्मा, खाली हुए. सुधारलेली गरीब बाई लोकांना बघवत नाही, असं मी तिला सुनावलं. तेव्हा ती मला खोल्याखोल्यांतून घेऊन गेली. प्रत्येकजण पलंगाच्या एका टोकाला बसलेली. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

यादम्माला किल्लीवरून चिडवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी भिंत असल्यासारखी.

१५ मार्च
गोळ्या जास्त झाल्या असतील. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मात्रा अगदी किरकोळ आहे, तिने असं होणं शक्य नाही. आणि असं म्हणजे कसं? तक्रार नेमकी काय आहे?

मी फोन ठेवून दिला.

१८ मार्च
संस्थेच्या ऑफिसातून निरोप आला: मालनबाई खोली वापरत नसेल तर तिची जागा दुसरीला जाईल. म्हणजे ती पुन्हा रस्त्यावर, या उन्हाळ्यात, या वयात. हे मी होऊ देणार नाही.

तासभर तिच्याशी बोलले. जीव ओतून बोलले. शेवटी म्हणाली, बरं, पर म्या झोपले की तू माझ्या पाठीला पाठ लावून बस, हलू नको. मी शब्द दिला. ती झोपली. घोरत होती, झोपेतही कुणाला तरी शिव्या देत होती. ऑफिसचा फोन वाजला. तिची झोप मोडू नये म्हणून मी गॅलरीत गेले. दोनच वाक्यं बोलले असेन.

परतले तेव्हा ती उठून बसली होती. पलंगाच्या टोकाला. शेजारी जागा सोडून.

म्हणाली, छान झोप लागली. धन्यवाद, मॅडम.

मॅडम!

१९ मार्च
डॉक्टर खूश. माझं अभिनंदन केलं.

मालनबाईला विनवलं, शिवी दे, एकच दे. ती हसली. किती सभ्य हसली —

२० मार्च
कुलपं काढली. जाळी काढली. सगळ्यांना व्हरांड्यात नेऊन निजवलं. निमूट निजल्या. ओळ झाली, पण प्रत्येक दोघींच्या मध्ये एकेक जागा मोकळी. मी त्यांना ढकलून एकमेकींना चिकटवलं. वळून पाहिलं — पुन्हा जागा मोकळ्या.

त्रिवेणी बहिणीकडे गेली. मलाही ओढत होती. मी कशी जाऊ? यांना आत मी आणलं.

माझी खोली कोपऱ्यात आहे. आजवर त्रिवेणी सोबतीला निजायची, आता एकटीची. डोळा लागू देत नाही.

२२ मार्च
दुपारी मालनबाईच्या शेजारच्या रिकाम्या जागेत शिरले. तिच्या पाठीला पाठ लावली. फरशी तापलेली, तिची पाठ मात्र विहिरीच्या दगडासारखी — आणि मग तिने माझं बोट धरलं. घट्ट. क्षणभरच.

ती आहे. आत कुठेतरी आहे. कडेला कुणीतरी हवं, एवढंच. जागं राहणारं.

२३ मार्च
ओळीच्या टोकाला मालनबाई, तिच्यापलीकडे मी. माझ्यापलीकडे कुणी नाही. पडल्यापडल्या लिहितेय, म्हणजे झोप येणार नाही.

तिची पाठ कोमट होतेय.

मालनबाई बोलली! म्हणाली, रांडे, कुठं गेली होतीस मला टाकून? रडतेय ती. मीही —

माझ्या दुसऱ्या अंगाला ऊब लागतेय. तिकडे तर नुसती फरशी आहे —

मालनबाई ओरडतेय, मागं बघू नको, उठ, पळ. मी उठले तर कडेला तीच उरेल. पुन्हा —

कुणीतरी थोपटतंय. लेकराला थोपटावं तसं. किती रात्री मी — 

मालनबाई, तू झोप. कडेला मी आहे. मी जागी