मृगातला तेजोमेघ

ती. बापूंना कामिनीचा नमस्कार,

मी मजेत आहे. शाळा छान चालली आहे. या पाड्यावर रेंज नाही, म्हणून पत्र. वहिनी वेळेवर वाढते ना? गुडघ्याला तेल लावता ना?

सोबत मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो आहे, धडगावला छापून घेतला. जेवण झालं की मी अंगणात दुर्बीण मांडते. तिचा स्टँड ध्रुवाकडे नीट लावला की ती ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरते आणि कॅमेरा एकाच जागेचे फोटो काढत राहतो. तोवर मी गप्प बसून असते. नंतर ते सगळे लॅपटॉपवर एकावर एक बसवले की फोटोतले खरखरीत दाणे जातात आणि अंधूक ढग उजळतो. सवय झाली आहे, काळजी नको.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कालीबाई बॅटरी घेऊन आल्या. उजेडानं बरेच फोटो पांढरे पडले. मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, रोज अंधारात एकट्याच बसता. घरचं कोणी गेलं का?"

आई गेल्याचं मी इथं कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं, आणि खूप रडले. त्यांनी बॅटरी विझवली आणि कॅमेरा थांबेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या. हा फोटो त्यानंतरचा आहे.

होळीला दुर्बीण घेऊन घरी कळसाडीला येते. तोवर संध्याकाळी ओट्यावर तुमच्याजवळ कोण बसतं, ते मात्र खरं लिहा.

तुमचीच,
कामिनी